एडिसनमधली घरं आणि सणांची रोषणाई: चालता चालता केलेल्या नोंदी

शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४

काम असं ठरलंय. मध्य न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आमच्या घराभोवतीच्या गल्ल्यांतून एक ठरावीक फेरी मारायची, ऑक्टोबर ते जानेवारी तीच ती घरं बघायची आणि कुठल्या घरावर काय सजावट कधी चढते, कधी उतरते हे लिहून ठेवायचं. शेवटी त्याचा एक नकाशा करायचा, म्हणजे भारतातून आलेल्या आईवडिलांना संध्याकाळी कुठे फिरवायचं हा इथल्या घराघरातला प्रश्न निदान आमच्या गल्लीपुरता सुटेल.

यंदा बाबा आलेत. पीडब्ल्यूडीतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेला माणूस. नुसतं 'फिरायला चला' म्हटलं की त्यांचा गुडघा दुखतो. 'काम आहे' म्हटलं की बूट घालून दारात आधी तेच उभे. ग्राफ पेपरचं पॅड त्यांनी पुण्याहून आणलंय, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक, पण ते आता कामी येणार.

फेरी पाऊण तासात संपेल एवढीच ठेवली. अर्ध्या रस्त्यांना फुटपाथच नाही. अशा ठिकाणी न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून डाव्या कडेने चालायचं असतं. बाबांना हे पटायला वेळ लागला, कारण भारतातही ते डावीकडूनच चालतात, पण तिथे गाड्या पाठीमागून येतात. चमकणारी दोन जॅकेट घेतली, २४ डॉलर. बाबांनी लगेच ८४ने गुणलं.

घरांचे पत्ते तक्त्यात लिहायचे नाहीत हे आधीच ठरवलं. प्रत्येक घराला आपला एक खुणेचा क्रमांक, बस.

रविवार, ६ ऑक्टोबर

सजावटीच्या आधी घरं. इथली बहुतेक वस्ती दुसऱ्या महायुद्धानंतरची, आणि एकदा डोळा बसला की चार-पाच साच्यांतच सगळं बसतं.

रँच: एकमजली, लांबट, छपराची कड हाताला लागेल इतकी खाली. केप कॉड: लहान, छप्पर तीव्र उताराचं, त्यातून दोन खिडक्या डोकं काढून बसलेल्या. कलोनियल: दुमजली, मधोमध दार, दोन्ही बाजूंना खिडक्या सारख्या. स्प्लिट-लेव्हल: एक बाजू एकमजली, दुसरी दुमजली, खाली गॅरेज आणि त्यावर झोपायच्या खोल्या. आणि बाय-लेव्हल, ज्याने बाबा चक्रावले. दार उघडलं की समोर खोली नाही, थेट जिन्याचा मधला टप्पा. अर्धा जिना वर, अर्धा खाली. "पाहुणा आला तर बसवायचा कुठं, पायरीवर?" बाबा म्हणाले. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रत्येक घराची समोरून दिसणारी बाह्यरेषा बाबा ग्राफ पेपरवर काढणार, म्हणजे सजावट नेमकी कुठे लागली ते त्यावर रंगाने भरता येईल. कल्पना त्यांचीच. कागदावर झकास दिसते आहे.

शनिवार, १९ ऑक्टोबर

पहिले दोन आठवडे वाया. सकाळी फिरत होतो ना! हॅलोवीनसाठी, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणासाठी, लावलेली हवेने फुगणारी भुतं, मांजरी, भोपळे दिवसा पंखा बंद असल्यामुळे हिरवळीवर प्लास्टिकच्या कापडाचा ढीग होऊन पडलेले असतात. आम्ही त्या घरांसमोर 'काही नाही' लिहीत गेलो, एके ठिकाणी तर बाबांनी 'ताडपत्री, बहुधा रंगकाम' असं लिहिलं. संध्याकाळी त्याच जागी माझ्यापेक्षा उंच काळं मांजर मान डोलावत उभं. टायमर असतो त्यांना. अंधार पडला की फुगतात, दहा-अकराला झोपतात.

तेव्हा सकाळच्या सगळ्या नोंदी रद्द. हे काम करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून संध्याकाळच धरावी. सकाळची फेरी फक्त वायरी कुठून कुठे गेल्यात ते बघायला उपयोगी पडते.

१२ फुटी सांगाडे फेरीत दिसू लागले आहेत. हे प्रकरण होम डेपो या घरसामानाच्या दुकानांच्या साखळीने २०२० साली आणलं, किंमत २९९ डॉलर, आणि तेव्हापासून दरवर्षी तो हातोहात संपतो. त्याचा खरा त्रास साठवणुकीचा. गॅरेजमध्ये मावत नाही म्हणून काही लोक तो वर्षभर अंगणातच ठेवतात आणि सणाप्रमाणे टोप्या बदलतात. तक्त्यात त्याच्यासाठी 'कायमचा रहिवासी' असा वेगळा रकाना केला.

भोपळ्यांचं एक निरीक्षण: कोरलेला भोपळा इतक्या लवकर ठेवू नये. यंदा पाऊस जवळजवळ नाहीच आणि हवा उबदार, त्यामुळे आतून बुरशी धरून चेहरे आत्ताच खचायला लागलेत, उरलेलं खारी संपवतात. एका पायरीवर भोपळ्याचं हसू कानापर्यंत गेलं होतं. नीट पाहिलं तर अर्धं हसू खारीच्या दातांचं. न कोरलेला भोपळा मात्र नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणापर्यंत सहज टिकतो.

बुधवार, ३० ऑक्टोबर

आज फेरी नाही. हॅलोवीनच्या आदल्या रात्रीला न्यू जर्सीत 'मिस्चिफ नाइट' म्हणतात. पोरं झाडांवर टॉयलेट पेपर फेकतात, घरांना अंडी मारतात. आजच्या रात्री हातात फोन धरून दुसऱ्यांच्या घरांसमोर रेंगाळणं शहाणपणाचं नाही.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

यंदाची सगळ्यात मोठी संध्याकाळ, आणि योगायोग असा की अमेरिकेतल्या वेळेप्रमाणे लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन एकाच रात्री. अमावस्या, त्यामुळे चंद्राचा व्यत्यय नाही. ऑक्टोबर संपला तरी टी-शर्टवर फिरण्याइतकी उष्ण हवा. पूजा सूर्यास्त होताच उरकली आणि बाहेर पडलो.

एडिसनमध्ये भारतीय इतके आहेत की दोन सणांची सजावट शेजारी शेजारी नव्हे, एकाच पोर्चवर होती. एका केप कॉडच्या तीन पायऱ्या सविस्तर लिहितो. खालच्या पायरीवर दोन कोरलेले भोपळे, आत बॅटरीचे दिवे. मधल्या पायरीवर पणत्यांची ओळ, खऱ्या तेलाच्या. वारा लागू नये म्हणून मागे पुठ्ठ्याचा आडोसा. वरच्या पायरीवर चॉकलेटची परात आणि दाराला लाल कापडी तोरण, त्यावर कापसाचं कोळ्याचं जाळं अडकवलेलं. ड्राइव्हवेवर रांगोळी. आम्ही समोर उभे असतानाच डायनासोर झालेला एक चार-पाच वर्षांचा मुलगा परातीकडे धावला आणि त्याच्या शेपटीने कमळाच्या तीन पाकळ्या पुसून नेल्या. घरातल्या बाई हसत म्हणाल्या, "राहू दे, हे तिसऱ्यांदा आहे." आमच्या नोंदवहीत रांगोळीची अवस्था 'अंशतः पुसलेली, कारण सरपटणारा प्राणी' अशी आहे. अक्षर बाबांचं.

कामाची अडचण मात्र इथेच उघडी पडली. पोर्चचा दिवा लावलेला म्हणजे 'चॉकलेट मागायला या' ही हॅलोवीनची खूण. दिवाळीला सगळेच दिवा लावतात. त्यामुळे पोर्चच्या दिव्यावरून कोण काय साजरं करतंय हे ठरवायचा माझा रकाना निकामी झाला. नंतर दिव्यांच्या रंगावरून वाटणी केली: नारिंगी-जांभळ्या माळा हॅलोवीनच्या, पिवळट पांढऱ्या किंवा रंगीबेरंगी माळा दिवाळीच्या. जिथे दोन्ही आहेत तिथे दोन्ही.

आपला आकाशकंदील शेजाऱ्यांनी हॅलोवीनचाच समजून घेतला. दुरुस्त केलं नाही, आवडला होता त्यांना.

रविवार, ३ नोव्हेंबर

उन्हाळी वेळ संपली, इथली घड्याळं एक तास मागे गेली. काल सहाच्या सुमारास सूर्यास्त होत होता, आज पाचच्या आतच. आठवड्यातल्या दिवशी मी कामावरून येईपर्यंत मिट्ट काळोख, म्हणजे माझे फोटो आता शनिवार-रविवारीच. बाकीच्या दिवशी बाबा एकटे जाणार, माकडटोपी घालून.

रविवार, १० नोव्हेंबर

ज्याची कल्पना नव्हती तो अडथळा आला. बाबा एका स्प्लिट-लेव्हलसमोर ग्राफ पेपरवर बाह्यरेषा काढत होते, मी पावलांनी रुंदी मोजत होतो, अंगात दोघांच्या चमकणारी जॅकेट. घरमालक बाहेर आले. चेहरा फार शांत ठेवून त्यांनी सांगितलं की मागचं डेक, म्हणजे लाकडी ओटा, जुनंच आहे, फक्त फळ्या बदलल्यात आणि तळघरात काहीही नवीन बांधलेलं नाही.

दोन मिनिटांनी उलगडा झाला. त्यांना आम्ही मालमत्ता कराच्या मूल्यांकनाची माणसं वाटलो! न्यू जर्सीचा मालमत्ता कर देशात सगळ्यात जास्त गणला जातो, तेव्हा त्यांचंही चुकलं नाही. आम्ही दिव्यांबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी आम्हाला गॅरेजमधल्या माळांचे खोके दाखवले आणि कुठल्या खोक्यातलं काय कुठे लागतं हे बाबांना समजावलं. बाबांना त्यांचं निम्मं इंग्रजी समजलं, खोक्यांवरच्या आकृत्या पूर्ण समजल्या.

त्यानंतर हे बदल केले: रस्त्यावर उभं राहून रेखाटन बंद, फोटोवरून घरीच काढायचं. पावलं मोजणं बंद. खिशात चार ओळींच्या चिठ्ठ्या, आम्ही कोण आणि काय करतोय एवढंच लिहिलेल्या. सार्वजनिक रस्त्यावरून घराचा दर्शनी भाग टिपायला कायद्याची आडकाठी नाही, पण कायदा सांगत बसण्यापेक्षा चिठ्ठी दिली की काम लवकर होतं. ४० डॉलरचा तिपाई स्टँडही परत केला. कुणाच्या दारासमोर तो रोवून उभं राहिलं की घरातले पडदे हलायला लागतात.

आज हवेत धुराचा वास. पाऊस नाही, राज्याच्या उत्तर टोकाला वणवा पेटलेला, पानांचे ढीग पायाखाली पापडासारखे मोडतात. निवडणुकीच्या पाट्या बहुतेक अंगणांतून निघाल्या, जमिनीत त्यांच्या तारांच्या चौकटी तेवढ्या राहिल्या. बाबांनी त्या एका घरी सजावट म्हणून नोंदवल्या होत्या.

गुरुवार-शुक्रवार, २८ आणि २९ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगला दिवसभर पाऊस. दुष्काळाचा इशारा जाहीर झालेला असताना तो हवाच होता, पण आमच्या फेरीचं भजं झालं. बरीच घरं आज पहिल्यांदा दिवे लावतात असं ऐकून मुद्दाम निघालो, तर आधीच लावलेलीही अर्धी काळोखात.

कारण शुक्रवारी कळलं. इथे घराबाहेरच्या प्लग पॉइंटला गळती ओळखून वीज तोडणारं बटण असतं. माळेच्या जोडात पाणी शिरलं की ते उडतं आणि त्या पॉइंटवरचं सगळं बंद. लोक सकाळी बाहेर येऊन बटण दाबतात, ते पुन्हा उडतं, मग जोड सुकवत बसतात. ज्यांनी जोड जमिनीवर न ठेवता झुडपात वर, तोंड खाली करून अडकवले होते त्यांची घरं गुरुवारीही उजळलेली होती. स्वतः दिवे लावणाऱ्याने या आख्ख्या नोंदवहीतून एवढं घेतलं तरी पुरे.

'दिवे नाहीत' आणि 'दिवे आहेत पण बंद' हे दोन वेगळे रकाने आजपासून.

शनिवार, ७ डिसेंबर

फोटोंचा दिवस. सूर्यास्त आता साडेचारच्या आसपास, वर्षातला सगळ्यात लवकरचा. सगळ्यात लहान दिवस २१ तारखेचा असला तरी सगळ्यात लवकरचा सूर्यास्त त्याच्या दोन आठवडे आधी येतो, म्हणून आज दुपारी चारलाच बाहेर.

आतापर्यंतचे रात्रीचे फोटो टाकाऊ निघाले. पूर्ण काळोखात फोन सगळंच उजळवून टाकतो, दिव्यांचे पांढरे डाग आणि घर गायब. सूर्यास्तानंतर साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश गडद निळं असतं, छपराची कड दिसते आणि दिवेही दिसतात. तेवढ्या वेळात जितकी घरं होतील तितकीच. म्हणजे आख्खी फेरी एका संध्याकाळी होत नाही. तीन तुकडे केले आणि दर वेळी सुरुवात वेगळ्या टोकाकडून. प्रकाश फोनवर बोटाने ओढून कमी करायचा, नेहमीपेक्षा बराच.

दुसरं, स्वस्त एलईडी माळा. डोळ्याला अख्खी दिसणारी माळ फोटोत तुटक येते. इथली वीज ६० हर्ट्झची आणि साध्या माळा तिच्या तालावर दर सेकंदाला ६० वेळा लुकलुकतात. शटर त्याहून वेगात पडलं तर काही दिवे विझलेल्या क्षणी सापडतात. शटर १/३० सेकंदावर आणलं, फोन दिव्याच्या खांबाला टेकवला, प्रश्न मिटला.

जुन्या तापणाऱ्या बल्बांच्या माळा अजून चिकार आहेत आणि त्यातल्या बऱ्याच नेमक्या अर्ध्या बंद. १०० दिव्यांच्या माळेत ५०-५०ची दोन सर्किटं असतात. बल्ब जळला तर आतला शंट, म्हणजे पर्यायी वाट देणारी बारीक तार, वीज पुढे जाऊ देतो, पण बल्ब खोबणीत सैल झाला की ते ५० जातात. त्या स्प्लिट-लेव्हलवाल्या गृहस्थांना बाबांनी हे खुणांनी सांगितलं आणि दोघांनी एकेक बल्ब दाबत सैल बल्ब शोधला. तास गेला, फेरी बुडाली, बाबा भलतेच खूश.

अशा गावात हे करतोय याचीही नोंद असावी. इथल्याच मेन्लो पार्कमध्ये एडिसनने ३१ डिसेंबर १८७९ला लोकांना बोलावून विजेचे दिवे दाखवले. तीनच वर्षांनी त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कच्या आपल्या घरी लाल, पांढऱ्या, निळ्या ८० बल्बांचं ख्रिसमस ट्री उजळलं, विजेवरचं पहिलं. क्रिस्टी स्ट्रीटवरचा स्मारकाचा मनोरा, माथ्यावर काचेचा प्रचंड बल्ब असलेला, नकाशात शेवटचा थांबा म्हणून घातला आहे, पण तो चालत जमण्यासारखा नाही. गाडीने जावं.

शनिवार, १४ डिसेंबर

बाबांनी सगळ्या बाह्यरेषा जेवणाच्या टेबलावर पसरून रंगवल्या आणि तेव्हा कळलं की आम्ही इतके दिवस बघत काय होतो.

रँचवर छपराची पूर्ण कड उजळलेली, जवळजवळ प्रत्येक. कलोनियलचं छप्पर मात्र बहुतेक कोरं. तिथे झुडपं, दाराची चौकट आणि प्रत्येक खिडकीत एकेक विजेची मेणबत्ती. स्प्लिट-लेव्हलचं अर्धंच छप्पर, आणि ते नेहमी खालच्या बाजूचं. केपवर कड आहे पण वर डोकावणाऱ्या खिडक्या सुटलेल्या. मी याचा संबंध आवडीनिवडीशी, पैशांशी, घरातल्या मुलांच्या वयाशी लावत बसलो होतो. बाबांनी पेन्सिल एका उंचीवर आडवी धरली आणि सगळ्या कागदांवरून फिरवली. "सहा फुटी शिडी. जिथवर ती पोचते तिथवर सण."

अपवाद दोन. जुनं रँच पाडून बांधलेली नवी अवाढव्य कलोनियल घरं, जिथे माणसं बोलावून काम करून घेतात. आणि छपराच्या पन्हाळीखाली कायमचे बसवलेले, फोनवरून रंग बदलणारे दिवे. असं एक घर आमच्या फेरीत आहे: ऑक्टोबरात नारिंगी, लक्ष्मीपूजनाला सोनेरी, आता लाल-हिरवं, सगळं त्याच दिव्यांवर. दिसायला साफसुथरं, पण बघायला थांबावंसं वाटत नाही. बाबांना उलट तेच सगळ्यात आवडलं. शिडीवरून पडलेली माणसं त्यांनी नोकरीत पाहिली आहेत.

तक्त्यात 'छपराच्या कडेची उंची' हा रकाना सुरुवातीलाच हवा होता. मागच्या सगळ्या नोंदींना आता तो जोडतोय.

एक फायदा झाला. राज्यभर सध्या रात्री आकाशात दिसणाऱ्या ड्रोनची धांदल चालू आहे, लोक ड्राइव्हवेवर माना वर करून उभे. त्यांच्या घरांकडे कोण बघतंय याकडे कुणाचंही लक्ष नाही. फोटो भराभर झाले.

बुधवार, २५ डिसेंबर

यंदा ज्यू लोकांच्या हनुका सणाची पहिली रात्र आणि ख्रिसमस एकाच दिवशी, असं २००५नंतर आत्ताच. एका बाय-लेव्हलच्या खिडकीत विजेचा मेनोरा, म्हणजे हनुकाची नऊ दिव्यांची समई. बाबांनी लिहिलं, '९ पैकी ७ बंद, माळेसारखाच सैल बल्ब असणार', आणि सांगायला दाराकडे निघालेही होते. थांबवलं. पहिल्या रात्री एक दिवा आणि बाकीचे ज्याने लावतात तो मदतीचा दिवा, असे दोनच लावायचे असतात. रोज एक वाढतो. मग बाबा पुढचे सगळे दिवस हट्टाने तिथे जाऊन आकडा लिहून आले. आख्ख्या वहीत एकही खाडा नसलेला रकाना तोच.

रविवार, ५ जानेवारी २०२५

ख्रिसमसची झाडं रस्त्याच्या कडेला आली. माळा मात्र भारतीय घरांवर अजून आहेत. ज्या दिवाळीला चढल्या त्या नवीन वर्षापर्यंत उतरवायच्या नाहीत असा सरळ हिशेब दिसतो. शिडी एकदाच काढावी लागते.

खर्च: जॅकेट २४ डॉलर, डोक्याला लावायचे टॉर्च १८, फोन चालवता येईल असे हातमोजे १०, नकाशाच्या छापील प्रती ३१. तिपाईचे पैसे परत मिळाले. फुकट गेलेला वेळ मुख्यतः सकाळच्या फेऱ्यांत आणि काळोखातल्या फोटोंत.

नकाशात शिडी न पोचणारी घरं वेगळ्या रंगात आहेत, कारण तिथे दिवे खाली झुडपांत असतात आणि ते चालतच बघायला हवेत. रँचची ओळ गाडीतूनही चालते. ज्या घरांनी चिठ्ठी घेऊन 'आम्हाला वगळा' म्हटलं ती नकाशावर नाहीत.

पुढच्या वेळेसाठी तक्ता आत्ताच बदलून ठेवला आहे. २०२५ला लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला म्हणजे हॅलोवीनच्या अकरा दिवस आधी, हनुका १४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून. तेव्हा घड्याळं बदलायच्या आत दिवाळी उरकलेली असेल, आणि दिवाळीची फेरी सव्वासहाच्या सुमाराला सुरू करावी लागेल. बाबा तेव्हा नसतील. बाह्यरेषा कोण काढणार हे अजून ठरायचंय; पॅड ते इथेच ठेवून चाललेत.